इतिहासाच्या अभ्यासकांशी गप्पा: "तो माणूस नसता तर?" च्या पुढे कसं जायचं?

ध्वनीवेडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी आणि माझी एक मैत्रीण मिळून पॉडकास्ट करतो. इतिहासाच्या अभ्यासकांना गाठायचं, तासभर बोलतं करायचं, आणि विषय म्हणजे एखादी मोठी व्यक्ती नाहीतर ज्याला सगळे टर्निंग पॉइंट म्हणतात अशी एखादी घटना. आम्ही दोघंही रीतसर इतिहास शिकलेलो नाही पण वाचतो भरपूर, आणि प्रत्येक भागाआधी दोन-तीन आठवडे तयारी करतो. सहा भाग झाले. ऐकणारे चांगलं म्हणतात, पण मला स्वतःला काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं आणि मागच्या भागानंतर तर खात्रीच झाली.

मागचा भाग सारायेवोवर होता. २८ जून १९१४, बोस्नियातल्या त्या शहरात ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांचा खून. सकाळी आधी कटातल्या चाब्रिनोविचने बाँब टाकला, तो मागच्या गाडीखाली फुटला, काही अधिकारी जखमी झाले, मग त्या जखमींना बघायला हॉस्पिटलात जायचं ठरलं, रस्ता बदलला पण ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही, तो लॅटिन पुलाजवळ जुन्या रस्त्याला वळला, चूक लक्षात येऊन गाडी थांबली आणि समोर त्याच कटातला १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा. आम्ही अख्खा भाग या वळणावरच बांधला होता. तो सँडविच खात होता वगैरे किस्साही घेतला होता. अभ्यासक सरांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं की सँडविच काढून टाका, त्या काळच्या साक्षींमध्ये त्याचा पत्ता नाही, ते फार अलीकडे चिकटलंय. ठीक, काढलं. मग मी माझा हुकमी प्रश्न विचारला, "ड्रायव्हर चुकला नसता तर पहिलं महायुद्ध झालंच नसतं का?" सर म्हणाले असं सांगता येत नाही. मी जरा फिरवून परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा ते शांतपणे एवढंच म्हणाले की, "२८ जूनला गोळी सुटली आणि २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारलं, मधे एक महिना आहे, त्या महिन्याबद्दल तुम्ही मला एकही प्रश्न विचारलेला नाही."

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

तर माझे प्रश्न. एखाद्या व्यक्तीने इतिहास खरंच किती बदलला हे अभ्यासकाला विचारायचं तर कसं, म्हणजे तो "गुंतागुंतीचं आहे" म्हणून मिटून जाणार नाही? जर-तरचे प्रश्न टाकूनच द्यायचे का? आणि मुळात अमुक एक घटना म्हणजे वळण हे ठरवतं कोण, आपण की पाठ्यपुस्तक की अभ्यासक? पुढे दोन रेकॉर्डिंग ठरलेत, एक हिटलर सत्तेवर कसा आला यावर आणि दुसरं रोझा पार्क्स आणि अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर. दोन्हीकडे तीच माती खायची नाहीये.


जुनंपान
धागा आवडला. मी वीसेक वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलाय आणि असे प्रश्न मलाही पुष्कळ आलेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

"तो नसता तर" याला अभ्यासक घाबरत नाही, पण त्या प्रश्नात त्याला धरायला काहीच नसतं. गाडी वळली नसती तर पुढे काय, याचा कागद कुठल्याच दप्तरात नाही. पण त्या महिन्याचे कागद ढिगाने आहेत. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा कोरा चेक दिला, २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची नोट गेली, महिनाअखेर रशियाने सैन्याची जमवाजमव सुरू केली. या प्रत्येक ठिकाणी एका खोलीत चार-सहा माणसं बसलेली होती आणि त्यांच्यापुढे एकाहून जास्त पर्याय होते. तुमच्या सरांनी तुम्हाला त्या खोलीचं दार दाखवलं होतं. ते रागावले नव्हते असं मला वाटतं.

म्हणून जर-तर टाकू नका, फक्त त्याला तारीख आणि माणूस द्या. त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं, त्याच्यापुढे दुसरं काय होतं, आणि ते त्याने का नाही केलं. याची उत्तरं कागदावर सापडतात आणि अभ्यासक तासन्‌तास बोलतो.

आता हिटलरचाच भाग घ्या कारण तो तुमचा येऊ घातलाय. सगळे काय विचारतात, की हिटलर नसता तर? मी म्हणतो ते सोडा आणि १९३२ च्या शेवटी जाऊन उभे राहा. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३७.३ टक्के मतं, २३० जागा. नोव्हेंबरमध्ये परत निवडणूक झाली तेव्हा ३३.१ टक्के आणि १९६. म्हणजे उतरणीला लागलेत, पक्षावर कर्ज आहे, आतून कुरबुरी सुरू आहेत. आणि तरीही ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख. मग मधल्या दोन-अडीच महिन्यांत झालं काय? तिथे पापेन नावाचा माणूस येतो, ज्याची चान्सलरची खुर्ची गेलीय आणि जो त्या खुर्चीवर बसलेल्या श्लायशरवर खार खाऊन आहे. ४ जानेवारीला कोलोनमध्ये श्रोडर नावाच्या बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर गुपचूप भेटतात. मग ८५ वर्षांच्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गची मनधरणी. आणि मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन, बाकी सगळे जुने परंपरावादी, कारण पापेनला खात्री की आपण याला कोपऱ्यात दाबून ठेवू.

त्यामुळे अभ्यासकाला विचारा, ३ जानेवारीच्या रात्री पापेनला काय हवं होतं? बघा कसं बोलणं सुटतं ते. आणि त्यातूनच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही येतं. साठ लाखांच्या घरात बेकारी नसती तर हिटलरला मतं मिळाली नसती, हे परिस्थितीचं झालं. पण मतं घटत असताना सत्ता मिळाली, ती चार माणसांच्या हिशोबातून. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि कुठलं कुठे संपतं ते शोधणं हेच आमचं काम.


उत्तररात्र
जुनंपान, प्रतिसाद सुंदर आहे पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. हल्ली अभ्यासक व्यक्तीला फारच मागे ढकलतात असं मला वाटतं, सगळं परिस्थिती, संरचना, अर्थव्यवस्था. आणि माणूस? काही वेळा खरंच एकच माणूस असतो.

२६ सप्टेंबर १९८३. सोव्हिएत युनियनच्या इशारा केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव ड्युटीवर. मध्यरात्र उलटून गेलेली, उपग्रह सांगतोय अमेरिकेकडून क्षेपणास्त्र सुटलंय, मग दुसरं, असं करत पाच. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वीच म्हणजे १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, २६९ माणसं गेलेली, दोन्हीकडे वातावरण प्रचंड तापलेलं. आणि हा माणूस वर कळवतो की इशारा खोटा आहे. त्याच्याजवळ पुरावा नव्हता, फक्त विचार होता, की हल्ला करायचाच तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, आणि जमिनीवरचं रडार काही दाखवत नाहीये, आणि ही यंत्रणा नवीकोरी आहे. नंतर कळलं की उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

तसाच सोव्हिएत नौदलातला वासिली आर्खिपोव. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाजवळ बी-५९ पाणबुडी, वरून अमेरिकन नौदल इशाऱ्याचे छोटे स्फोट करतंय, आत उकाडा, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि पाणबुडीवर अण्वस्त्राचा टॉर्पीडो. कॅप्टन सावित्स्की तो डागायच्या मनःस्थितीत होता, आर्खिपोवने त्याला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. ही माहिती जगाला कळायला कितीतरी दशकं जावी लागली. शाळेच्या पुस्तकात ही दोन नावं कुठेच नाहीत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. "प्रभावी व्यक्ती" म्हणताना आपण ज्यांनी काहीतरी केलं त्यांचीच यादी करतो. ज्यांनी काहीतरी होऊ दिलं नाही ते त्या यादीत येतच नाहीत.

ध्वनीवेडा, तुम्ही यांच्यावर भाग कराच.


जुनंपान
उत्तररात्र, दोन्ही उदाहरणं अगदी मान्य. फक्त पेत्रोवबद्दल बोलताना एक काळजी घ्या, बटण त्याच्या हातात नव्हतं, तो वर अहवाल देणार होता आणि निर्णय वरचे घेणार होते, त्यामुळे वरच्यांनी काय केलं असतं हे परत त्या कागद नसलेल्या खोलीत जातं. त्याचं काम मोठंच आहे, पण "एकट्याने जग वाचवलं" म्हटलं की अभ्यासक लगेच सावध होतो आणि गप्पा अडकतात.

आणि तुमची दोन्ही उदाहरणं बघा, लहानशी बंद जागा, मोजकी माणसं, हातात काही मिनिटं नाहीतर तास. अशा ठिकाणी माणसाचा स्वभाव भारी पडतो. याउलट प्लेग घ्या. १३४७ ते १३५१ मध्ये युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं मेली. मजूर मिळेनात, मजुरी वाढायला लागली, इंग्लंडमध्ये १३५१ ला कायदा करून मजुरी जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न झाला, तो नीट टिकला नाही, आणि १३८१ ला शेतकऱ्यांचा उठाव. एवढं मोठं वळण आणि त्याला नाव द्यायला एकही माणूस नाही. तुमच्या सहा भागांमध्ये असा बिनमाणसांचा भाग एकतरी आहे का? नसेल तर करा, श्रोते कंटाळतील ही भीती बाळगू नका.


कार्बनकॉपी
रोझा पार्क्सवर भाग करताय म्हणून लिहितेय, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी, की एक दमलेली शिवणकाम करणारी काळी बाई, १ डिसेंबर १९५५, बसमध्ये बसली, गोऱ्या माणसाला जागा द्यायला नाही म्हणाली आणि इतिहास बदलला. कृपा करून भागाची सुरुवात अशी करू नका. पार्क्सबाई एनएएसीपी या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या कितीतरी वर्षं सचिव होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या ठिकाणी कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आलेल्या. दमल्या होत्या म्हणून बसून राहिल्या हे त्यांनी स्वतःच नंतर खोडून काढलंय. त्यांना साधीभोळी करून टाकलं की त्यांची सगळी आधीची मेहनत पुसली जाते, आणि हे आपण बायकांच्या बाबतीत फार करतो.

दुसरं, त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला क्लॉडेट कॉल्विन नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने त्याच शहरात बसमध्ये हेच केलं होतं. तिलाही अटक झाली. पण तिच्या नावावर चळवळ उभी करायची नाही असं पुढाऱ्यांनी ठरवलं. गंमत म्हणजे बसमधला भेदभाव ज्या खटल्यामुळे शेवटी बेकायदा ठरला त्या खटल्यात अर्जदार म्हणून कॉल्विनचं नाव आहे, पार्क्सबाईंचं नाही. आता हे ऐकल्यावर "वळण देणारी व्यक्ती कोण" हा प्रश्न किती वेगळा होतो बघा. मार्चमध्येही धाडस होतंच की, मग वळण डिसेंबरमध्ये का आलं? अभ्यासकांना हाच प्रश्न विचारा, मार्च ते डिसेंबर या नऊ महिन्यांत माँटगोमेरीत काय बदललं होतं? मला वाटतं तुमचा अख्खा तास यातच जाईल आणि जाऊ दे.

आणि मार्टिन ल्यूथर किंग. तेव्हा २६ वर्षांचे, शहरात नवे, ५ डिसेंबरला त्यांना बहिष्कार समितीचं अध्यक्ष केलं गेलं. म्हणजे बहिष्कार त्यांच्यापासून सुरू झालेला नाही, त्या बहिष्काराने किंग देशापुढे आणले. पण मग ३८१ दिवस लोक पायी चालत राहिले यात त्यांच्या भाषणांचा वाटा किती? तिथे व्यक्ती परत येतेच. उत्तररात्र यांना हे आवडेल :)


घाटमाथा
+१ कार्बनकॉपी. कॉल्विनचं नाव मला आज पहिल्यांदा कळलं, थोडी लाज वाटली.

ध्वनीवेडा, एक सुचवू का, पानिपतावर भाग करा पण नेहमीसारखा नको. १४ जानेवारी १७६१ हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की त्यानंतर सगळं संपलं असंच वाटतं. पण दहा वर्षांत म्हणजे १७७१ ला मराठे परत दिल्लीत होते आणि जानेवारी १७७२ ला महादजी शिंद्यांच्या बंदोबस्तात मुघल बादशहा शाह आलम दिल्लीला परतला. १७६३ ला राक्षसभुवनला निजाम हरला. हे सगळं ज्याच्या काळात झालं तो माधवराव १६ व्या वर्षी पेशवा झाला आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेला तेव्हा २७ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नारायणरावाचा खून आणि मग ती भाऊबंदकी ज्यातून इंग्रजांना आत शिरायला वाव मिळाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही माधवरावाचं जाणं पानिपताइतकंच घातक मानलंय. मग वळण कुठलं म्हणायचं, लाखभर माणसं रणात पडली तो दिवस की एका तरुण माणसाचा आजारपणातला मृत्यू? दोन्हीकडचे अभ्यासक आहेत, दोघांना एकत्र बसवा. मला स्वतःला थेऊर जास्त खोल वाटतं पण पानिपतात एक अख्खी पिढी गेली हेही विसरता येत नाही आणि म्हणूनच ऐकायचंय.


तळटीप
ध्वनीवेडा यांचा तिसरा प्रश्न कुणी फारसा घेतला नाही, वळण ठरवतं कोण. त्यावर माझा अनुभव.

आम्ही शाळेत घोकलेलं: १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्यामुळे पूर्वेकडचे व्यापारी मार्ग बंद झाले, त्यामुळे युरोपियनांना समुद्रमार्ग शोधावा लागला, त्यामुळे १४९८ ला वास्को द गामा कालिकतला आला. मी हे परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतलेत. इतकं सरळ, एकातून एक, की शंका यायला जागाच नाही. खूप वर्षांनी एका अभ्यासक बाईंशी बोलताना मी हे सहज बोलून गेलो तर त्यांनी मला फक्त तारखा मांडायला सांगितल्या. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउता घेतलं १४१५ ला. बोजाडोर भूशिर ओलांडलं १४३४ ला. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आधीच ते किनाऱ्याकिनाऱ्याने खाली निघाले होते. शहर पडल्यावर वर्षाच्या आत, १४५४ ला, व्हेनिसने सुलतान दुसऱ्या मेहमदशी व्यापाराचा तहही केला. आणि मसाल्याचा मोठा रस्ता तांबड्या समुद्रातून इजिप्तकडे जायचा, अलेक्झांड्रियाला, तो इजिप्त ऑटोमन तुर्कांच्या हातात आला १५१७ ला. गामा येऊन गेल्यावर १९ वर्षांनी.

मी त्यांच्यासमोर वहीत एकाखाली एक या तारखा लिहिल्या आणि मला अक्षरशः घाम फुटला. शहर पडलं ही मोठी घटना आहेच, बायझंटाइन साम्राज्य संपलं, तोफांनी ती हजार वर्षं जुनी तटबंदी फोडली, २१ वर्षांच्या मेहमदची राजधानी बदलली. त्या इतिहासात ते वळणच आहे. पण माझ्या पुस्तकाने ते दुसऱ्याच गोष्टीचं वळण म्हणून वापरलं होतं. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की वळण कशाचं ते आधी विचारायचं. प्रत्येक अभ्यासकाला पहिल्या दहा मिनिटांत विचारा, "हे कुणासाठी वळण होतं आणि कुणाला त्या दिवशी काहीच फरक पडला नाही?"

आणि दुसरा एक प्रश्न, जो मी त्या बाईंना विचारला आणि मला खजिना मिळाला: "या विषयात तुमचं स्वतःचं मत कधी बदललं, आणि कशामुळे?" मत बदललं नाही असा चांगला अभ्यासक मला अजून भेटलेला नाही. कधी एखादं पत्र सापडतं, कधी दुसऱ्या भाषेतली दप्तरं उघडतात, कधी विद्यार्थी असं काही विचारतो की रात्रभर झोप येत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो, आणि तुम्ही तर आवाजाचंच काम करताय.

अवांतर: अवतरणं वापरताना जपून. १९७२ ला निक्सनच्या भेटीत चीनचे पंतप्रधान चौ एन-लायना फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल विचारलं तर ते म्हणाले इतक्यात काही सांगता येणार नाही, हे वाक्य इतिहासाच्या प्रत्येक गप्पांमध्ये कुणीतरी टाकतंच. तिथे हजर असलेल्या अमेरिकन दुभाष्याने २०११ मध्ये सांगितलं की बोलणं १९६८ च्या फ्रान्समधल्या आंदोलनाबद्दल चाललं होतं. चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल "इतक्यात कसं सांगू" म्हणणं अगदीच साधं आहे. असं वाक्य तुम्ही अभ्यासकासमोर वाचलंत की पुढची दहा मिनिटं ते दुरुस्त करण्यात जातात, तुमच्या सँडविचसारखीच.


एकओळी
मुलाखत झाली की लिंक इथेच टाका. आणि एडिट करताना अभ्यासक विचार करायला थांबतात ती शांतता कापू नका, प्लीज.


ध्वनीवेडा
मंडळी, मनापासून आभार. दोन आठवड्यांनी येतोय कारण हिटलरचं रेकॉर्डिंग होईपर्यंत थांबलो होतो. परवा झालं.

जुनंपान, मी अक्षरशः तुमचा प्रश्न घेऊन गेलो. सगळे कागद बाजूला ठेवले आणि पहिलाच प्रश्न, ३ जानेवारीच्या रात्री पापेनला काय हवं होतं. अभ्यासक बाई एकदम हसल्या आणि म्हणाल्या हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि मग चाळीस मिनिटं मी जवळजवळ बोललोच नाही. श्लायशरवरचा राग, हिंडेनबुर्गचा मुलगा, दरबारी लोक, कोण कोणाला कमी लेखत होतं, सगळं असं डोळ्यासमोर उभं राहिलं की मैत्रीण नोट्स घ्यायची थांबली. एकओळी, शांतता एकही कापलेली नाही.

मग तळटीप यांचा प्रश्न. तुमचं मत कधी बदललं? खूप वेळ गेला आणि मग त्या म्हणाल्या की पूर्वी मी शिकवताना सगळा भर ३० जानेवारीवर द्यायचे, आता २३ मार्चवर देते. ३० जानेवारीला हिटलर हा हिंडेनबुर्गने नेमलेला आणि हिंडेनबुर्ग काढू शकेल असा चान्सलर होता, असे चान्सलर लोकांनी आधीच्या वर्षभरात येताना-जाताना पाहिले होते, त्यामुळे बऱ्याच जणांना त्या दिवशी काही वेगळं घडलंय असं वाटलंही नाही. मग २७ फेब्रुवारीला राइशस्टागची म्हणजे संसदेची आग, दुसऱ्या दिवशी हुकूमनामा, नागरिकांचे हक्क तहकूब, धरपकड. आणि २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा. ४४४ विरुद्ध ९४. कम्युनिस्ट खासदारांना येऊच दिलं नव्हतं. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने बाजूने मत दिलं. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट, त्यांचे १२० निवडून आले होते पण काही तुरुंगात, काही पळून गेलेले, हजर ९४, आणि सभागृहात एसए या नाझींच्या खासगी दलाची गणवेशातली माणसं उभी असताना त्यांचा नेता ओटो वेल्स उठून विरोधाचं भाषण करतो.

मी विचारलं, पण निकाल तर बदलला नाही ना, मग ही ९४ माणसं "प्रभावी" कशी? त्या म्हणाल्या, तुम्ही प्रभाव म्हणजे निकाल असं धरताय. त्या दिवशी नाही म्हणता येत होतं याचा पुरावा हे ९४ आहेत, आणि म्हणून बाकीच्या ४४४ जणांना इलाज नव्हता असं मला लिहिता येत नाही.

इथे आम्ही रेकॉर्डर बंद केला, चहा घ्यायला उठलो, आणि त्या उभ्याउभ्याच त्या ९४ जणांपैकी कोणाचं पुढे काय झालं ते सांगायला लागल्या. कोण छळछावणीत गेलं, कोण देशाबाहेर. मैत्रिणीने विचारलं परत सुरू करू का, त्या हो म्हणाल्या आणि आणखी अर्धा तास झाला. तो दुसरा भाग म्हणून वेगळा टाकतोय.

घाटमाथा, थेऊर विरुद्ध पानिपत नक्की करणार, दोन अभ्यासकांशी बोलणं सुरू केलंय. प्लेगचा बिनमाणसांचा भागही यादीत घेतला. उत्तररात्र, आर्खिपोवसाठी शीतयुद्धाचा अभ्यास असलेलं कुणी माहीत असेल तर सुचवा.

कार्बनकॉपी, पार्क्सबाईंचं रेकॉर्डिंग येत्या शनिवारी आहे. मार्च ते डिसेंबर हा प्रश्न मध्यावर ठेवलाय. पण सुरुवात कुठून करू ते अजून सुचत नाहीये, बसपासून नको हे कळलं, मग कुठून?


कार्बनकॉपी
रात्रीपासून करा. १ डिसेंबर १९५५, गुरुवार, संध्याकाळी पार्क्सबाईंना अटक झाली. त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या बाई, अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या आणि तिथल्या महिला राजकीय मंडळाच्या अध्यक्ष, कॉलेजात गेल्या आणि एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना घेऊन मिमिओग्राफ या प्रती काढायच्या यंत्रावर रात्रभर पत्रकं छापत राहिल्या. सोमवारी बसमध्ये बसू नका, एवढाच मजकूर मुळात. कॉलेजचं मशीन, कॉलेजचा कागद, कुणाला कळलं तर नोकरी गेली. हजारो प्रती. पहाटेपर्यंत गठ्ठे बांधून तयार, शुक्रवारी दिवसभर शाळांमधून, दुकानांमधून, चर्चमधून वाटले गेले, आणि सोमवारी सकाळी बसगाड्या रिकाम्या धावल्या.

आणि बहिष्काराची कल्पनाही त्या रात्रीची नव्हे. मे १९५४ मध्येच या बाईंनी महापौरांना पत्र लिहून बसबंदीचा इशारा दिला होता. म्हणजे पार्क्सबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधी. शनिवारी पहिला प्रश्न असा विचारा की ते पत्र लिहिताना रॉबिन्सनबाईंना कुणाची वाट बघायची होती.